त्या रात्री फॉर्मवर ‘नातं’ काय लिहायचं होतं?

ताई, नमस्कार. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. माझं वय ६१. मुलगा ३० वर्षांचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. पावसाळ्यात एकदा रात्री दोन वाजता फोन आला, “काका, त्याचं अपेंडिक्स फुटलंय, हॉस्पिटलवाले रक्ताच्या नात्याची सही मागतायत.” फोन करणारा मुलगा बार्शीकडचा, चार वर्षं त्याच्याबरोबर राहतो. मी गाडी करून पोचेपर्यंत उजाडलं. डॉक्टरांनी शेवटी वाट न बघता ऑपरेशन केलं होतं. तो मुलगा बाकड्यावर बसला होता, माझ्या मुलाचा चष्मा हातात धरून. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यानं आधी ‘जोडीदार’ लिहून खोडलं होतं आणि वर ‘मित्र’ लिहिलं होतं. खोडलेलं मला वाचता आलं. आठ दिवसांनी मुलानं स्वतःच सगळं सांगितलं. फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, हप्ते दोघं भरतात.

बायको नीट जेवत नाही, रूपाभवानीला नवस बोलून बसलीय. मेव्हण्याला मी सांगितलं तर त्यानं मंगळवेढ्याचं स्थळ आणलं. म्हणतो, लग्न झालं की सुधारेल, आणि पुण्यात एक डॉक्टर यावर इंजेक्शनं देतो. मुलगा म्हणतो, यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, त्याला घरी घेऊन येतो. दोन पुरुषांची लग्नं कोर्टानंच नाकारलीत ना? मग मी हे कसं मान्य करू? आणखी एक. २०२३ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर हा खटला चालू होता, तेव्हा जेवताना मी मोठ्यानं म्हणालो होतो, ही सगळी मुंबई-दिल्लीच्या रिकामटेकड्यांची थेरं. मुलगा समोर बसून भाकरी खात होता.
– एक बाप, सोलापूर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खोडलेल्या शब्दापाशी थांबले. त्यावर येतेच. आधी मंगळवेढ्याच्या स्थळाचं, कारण त्याला उशीर चालणार नाही. उद्या सकाळीच मेव्हण्यांना फोन करून नकार कळवा. पत्रिका जुळत नाही, मुलाला एवढ्यात करायचं नाही, असली कारणं देऊ नका. त्यानं पुढच्या महिन्यात पंढरपूरचं स्थळ येईल. ‘मुलीशी त्याचं लग्न करायचं नाही, हा विषय आमच्या घरापुरता संपला’ एवढंच सांगा.

माझ्या मावसबहिणीचं लग्न १९९६ साली असंच झालं. मुलगा बँकेत, निर्व्यसनी, बोलायला गोड. त्याच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि लग्न लावलं की सुरळीत होईल अशी सगळ्यांना खात्री होती. नऊ वर्षं ती डॉक्टरणींकडे खेटे घालत राहिली. उपास केले, वजन कमी केलं, केस कापले, पुन्हा वाढवले. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं ती धरून चालली होती. सासू तिला पाहुण्यांसमोर वांझ म्हणायची आणि सासूला सगळं माहीत होतं. नवरा दुष्ट नव्हता. रात्री तोही रडायचा, असं तिनं मला नंतर सांगितलं. त्या सासूला मी आजही माफ केलेलं नाही, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या १२व्या कलमात, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. माझ्या बहिणीला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. मंगळवेढ्याच्या त्या मुलीला तुम्ही ओळखत नाही. तिचाही एक बाप आहे आणि तो सध्या तुमच्याबद्दल चौकशी करत असेल: घर कसं, माणसं कशी. त्याला माणसं चांगली निघू द्या.

इंजेक्शनवाल्या डॉक्टरबद्दल थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरकीच्या पेशातलं गैरवर्तन ठरवलं. तेव्हा तुमच्या मुलावर उपचार करायचं काही नाही. मेव्हण्यांना हे तुम्ही सांगून टाकलंत, ते मुलाला विचारून सांगितलंत का? नसेल, तर त्याला फोन करून कबूल करा. यापुढे कुणाला सांगायचं आणि कधी, हे त्याला ठरवू द्या.

आता कोर्टाचं. तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. लग्न करण्याचा असा मूलभूत अधिकार घटनेत नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडपी बसवण्याचं काम कोर्ट करू शकत नाही, ते संसदेचं काम, यावर पाचही जणांचं एकमत होतं. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले, लग्न नको तर नको, पण या जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्यानं ओळख द्यायला सरकार बांधील आहे. उरलेल्या तिघांना ते पटलं नाही. निकाल ३ विरुद्ध २. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे आज तुमच्या मुलाला त्याच्या जोडीदाराशी भारतात कायदेशीर लग्न करता येत नाही, हे खरं.

पण त्या बहुमतानंही हे नातं चूक आहे असं म्हटलेलं नाही. दोन सज्ञान माणसांना आपला जोडीदार निवडण्याचा, एकत्र राहण्याचा आणि त्यासाठी कुणाचा जाच न सोसण्याचा अधिकार आहे, हे त्यांनीही मान्य केलं. गुन्ह्याचा प्रश्न तर ६ सप्टेंबर २०१८ लाच संपला. त्या दिवशी ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले गेले. ‘कोर्टानं दार उघडलं नाही’ आणि ‘कोर्टानं वाईट ठरवलं’ यात फार अंतर आहे. तुम्ही पहिलं ऐकलंत आणि दुसरं समजलात.

रिकामटेकड्यांची थेरं म्हणणारे तुम्ही एकटे नव्हता. केंद्र सरकारनंही न्यायालयात लेखी सांगितलं होतं की ही मागणी मूठभर शहरी उच्चभ्रूंची आहे. राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी विरोध कळवला, आपल्या महाराष्ट्रानं वेळ मागून घेतला. चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात या शहरी-उच्चभ्रू मुद्द्याला सविस्तर उत्तर दिलं, की असं असणं ही ना शहराची मक्तेदारी, ना श्रीमंतांची. त्याचा पुरावा त्या रात्री तुमच्या ताटासमोर बसला होता, आठ मागांवर वाढलेला.

लग्नाला कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. द्यावी. विरोध करणाऱ्या सगळ्यांना मी दुष्ट समजत नाही. सरकारी वकिलांचा एक मुद्दा तर खरोखर अवघड होता. आपल्या कितीतरी कायद्यांत ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे शब्द गुंतलेले आहेत. पोटगी कुणी द्यायची, वारसा कसा चालायचा, हे सगळं नव्यानं मांडावं लागेल. ते काम मोठं आहे. पण मोठं काम आहे म्हणून ते करायचंच नाही, असं आपण याआधी केलेलं नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायदा बदलण्याचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते कायदा झालं नाही, पण काय बदलावं लागेल हे कागदावर लिहून दाखवता येतं, एवढं तरी त्यातून दिसलं. नेदरलँड्समध्ये २००१ पासून, तैवानमध्ये २०१९ पासून आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं होत आहेत.

‘आपल्या मातीत हे बसत नाही’ असं तुमच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणेलच. आपल्या मातीत लग्नाचे नियम किती वेळा बदलले, ते तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. सोलापूर मुंबई प्रांतात होतं तेव्हा, १९४६ च्या कायद्यानं हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आली. त्याआधी पहिली घरात असताना दुसरी आणणं पूर्ण कायदेशीर होतं. १९४७ मध्ये प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला, तेव्हाही घरं मोडतील म्हणून ओरड झाली. दोन जातींतल्या हिंदूंचं लग्न वैध आहे असं सगळ्या देशासाठी स्पष्ट सांगणारा कायदा १९४९ चा. म्हणजे तुमच्या जन्माच्या पंधराएक वर्षं आधी.

त्याहून मागे जायचं तर हैदराबादच्या रस्त्यानं बसवकल्याणपर्यंत चला. बाराव्या शतकात तिथे बसवेश्वरांचे दोन अनुयायी, शरण हरळय्या, जातीनं चांभार, आणि शरण मधुवरस, जन्मानं ब्राह्मण, यांनी आपल्या मुलामुलीचं लग्न लावलं. त्या काळच्या कायद्यात आणि रीतीत ते बसत नव्हतं. राजा बिज्जळानं दोन्ही बापांना देहदंड दिला, असं परंपरा सांगते. आज आपण त्या दोघांचं नाव कसं घेतो आणि बिज्जळाचं कसं, हे सोलापूरकराला मी काय सांगणार! त्या दोन बापांनी कायदा बदलायची वाट पाहिली नव्हती.

आता त्या रकान्याकडे येते.

लग्नाचा कायदा म्हणजे मांडव आणि वरात नव्हे. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या टेबलावर ठेवलेल्या फॉर्ममधला तो एक रकाना म्हणजे लग्नाचा कायदा. नवरा किंवा बायको असं लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. चार वर्षं एकत्र स्वयंपाक केलेल्या, हप्ते भरलेल्या, ताप उतरेपर्यंत उशाशी बसलेल्या माणसाला तो शब्द खोडावा लागला. आणि २५० किलोमीटरवर झोपलेल्या तुम्हाला मात्र काहीही न करता तो हक्क होता. मुलगा स्वतःशी कसा आहे हे तुम्हाला त्या दिवशी माहीतही नव्हतं, तरी होता.

म्हणून मी कायद्याच्या बाजूची आहे. तुमच्या मुलाचं नशीब की त्याचा बाप गाडी करून धावत आला आणि खोडलेलं वाचूनही गप्प राहिला. ज्या मुलांना बापांनी घराबाहेर काढलं, त्यांच्या फॉर्मवर कोण सही करणार? आज सगळं बापाच्या मनावर आहे. ते कुणाच्याच मनावर असू नये.

पण कायदा येईपर्यंत ते तुमच्या मनावर आहे, तर त्याचा उपयोग करा. तुमच्या हातात आहे तो अधिकार त्या मुलाच्या पाठीशी लावा. दोघांना बसवा आणि पुढचे कागद करून घ्या. याची बोलणी तुम्ही काढलीत, तर मुलाला तुमच्या मायेबद्दल वेगळं काही विचारावं लागणार नाही.

पहिला कागद मृत्युपत्राचा. तिशीत मृत्युपत्र कशाला, असं बायको म्हणेल. तरी करा. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित मुलाचं सगळं हिंदू वारसा कायद्यानं आईकडे जातं, हप्ते भरणाऱ्या जोडीदाराला विटेचाही हक्क नाही. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करून टाकलेली बरी), दोन साक्षीदार लागतात. फ्लॅटवर दोघांचं नाव चढवता येईल का, हेही वकिलाला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला विचारा. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालकी वारसांकडेच जाते. शेअरच्या बाबतीतही हेच खरं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं.

बँकेचं एक काम सोपं झालंय. निकालानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीच्या हालचालींतून ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना एकत्र खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. रेशन कार्डावर त्यांना एकाच घरातले धरावं, असंही राज्यांना कळवलं गेलं. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीत मात्र ‘कुटुंब’ कोण हे कायद्यातच बांधलेलं आहे आणि त्यात जोडीदार बसत नाही. दोघांनी मिळून मूल दत्तक घेणंही आज शक्य नाही. ती बाजू अजून बंद आहे, उगाच आशा लावत नाही.

दवाखान्याचं: शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची सही पुरते आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांनी नातेवाइकासाठी खोळंबायचं नसतं. हे दोघांनाही माहीत असू द्या, म्हणजे पुन्हा कुणी अडवलं तर ठामपणे बोलता येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साध्या कागदावर कुणाही सज्ञान माणसाला मानसिक उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमता येतं, तो रक्ताचा असावा अशी अट नाही. अखेरच्या आजारातल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्रही दोन साक्षीदार आणि नोटरीपुढे करता येतं आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव त्यात घालता येतं. या सगळ्याच्या जोडीला तुम्ही आणि तुमची बायको, दोघांच्या सहीनं एक साधं पत्र त्या मुलाकडे देऊन ठेवा: ‘आमच्या मुलाच्या बाबतीत हा सांगेल ते आम्हाला मान्य आहे.’ कायद्याच्या तराजूत त्याचं वजन फार नाही. पण रात्रीच्या ड्युटीवरची सिस्टर ते वाचेल, तुम्हाला फोन लावेल आणि तुम्ही म्हणाल, “हो, आमच्या घरचाच आहे तो.” माझा अनुभव असा, की दवाखान्याच्या व्हरांड्यात याच वाक्यानं दारं उघडतात.

तुमच्या बायकोबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते. तिला समजवायला कुणाला आणू नका. ती स्वतःला दोष देत असणार: गरोदरपणी काय चुकलं, लहानपणी काय चुकलं. काही चुकलेलं नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. नवसाचं म्हणाल, तर रूपाभवानीला जरूर जा, दोघं जा. मागणं तेवढं बदला. मुलगा बदलू दे असं न मागता, आमच्यामागे याला सांभाळणारं कुणीतरी असू दे, असं मागायला तिला सांगा. त्या बाकड्यावर कोण बसलं होतं, हे तिला तुम्ही नीट सांगितलंय का? चष्म्यासकट सांगा. आई आहे ती. चष्मा सांभाळणाऱ्याला ती ओळखेल.

गड्ड्याला त्या मुलाला येऊ द्या. शेजारीपाजारी विचारतील, कोण? तुमच्या मुलाला विचारून ठरवा. त्याला मंजूर असेल तर जे आहे ते सांगा, नसेल तर ‘आमच्या घरचा आहे’ म्हणा. तेही खरंच आहे. खोटं नातं मात्र लावू नका, पुतण्या नको, भाचा नको. त्या मुलानं एकदा खोटं लिहिलंय, तेवढं पुरे.

आणि गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याला त्याला बरोबर न्या. कुंभारकन्येची गोष्ट तुम्ही मला सांगाल इतकी तुम्हाला पाठ असेल. सिद्धरामेश्वर योगी, त्यांना लग्न करता येत नव्हतं. मुलीची ओढ खरी होती. मग तिचं लग्न योगदंडाशी लागलं. त्याच्या अक्षता संक्रांतीच्या दिवसांत संमती कट्ट्यापाशी अख्खं सोलापूर आजही टाकतं. सिद्धरामेश्वरांना मी आपल्या आजच्या वादात ओढत नाही, तो माझा अधिकार नाही. मला तिथली एकच गोष्ट लहानपणापासून आवडते: नेहमीच्या रीतीत न बसणाऱ्या एका मुलीच्या ओढीला कुणी खोटं म्हटलं नाही, तिच्यासाठी वाट शोधली. नंदीध्वज येतील, बाराबंदीतली माणसं येतील, ‘सत्यम् सत्यम्’ होईल आणि हजारो हात वर जातील. त्या गर्दीत तुमच्या डाव्या-उजव्या हाताला दोघं उभे असू देत.

२०२३ च्या त्या जेवणाबद्दल मुलाशी बोला. फोनवर नको, समोर. लांबलचक खुलासा नको. ‘मी तसं बोललो होतो, तू समोर होतास, मला आठवतं’ एवढं पुरे. तो कदाचित म्हणेल की त्याला आठवत नाही. त्याला आठवतं.

ते पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आले, तर रात्र झालेली असेल. रिक्षा करून या, असं सांगू नका, स्टेशनवर तुम्ही स्वतः जा. घरी शेंगा चटणी, कडक भाकरी जे असेल ते वाढा. पत्रात तुम्ही गाडी, फॉर्म, बाकडं, चष्मा, सगळं लिहिलंत. पण आदल्या रात्रीपासून सकाळपर्यंत तिथे बसलेल्या त्या मुलानं काही खाल्लं होतं का, ते लिहिलेलं नाही. वाढताना त्याला विचारा.